परसातली भाजी: पेण-रोह्याच्या घरांना परवडणारी आणि सवाबाचीही

पावसाळ्यात घाटावरून येणारी भाजी किती महागते, हे पेण आणि रोह्याच्या बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या दारात मात्र फुकटचं पाणी आणि ओली माती असते. मग थोडी भाजी आपण घरीच का लावू नये?

काय लावायचं ते हंगाम बघून ठरवावं. जूनच्या सुरुवातीला शिराळी, पडवळ, काकडी, कारली यांच्या बिया टोचा. वेल चढायला बांबूचा मांडव किंवा गॅलरीत दोरी पुरे. दीड-दोन महिन्यांत फळं धरू लागतात. भेंडीही याच दिवसांत होते. कोथिंबीर मात्र आपल्या मुसळधार पावसात कुजते, म्हणून ती थंडीसाठी राखून ठेवा.

भातकापणी झाली की वालाचे दिवस. रायगडात वाल शेतात उरलेल्या ओलाव्यावरच पिकतो, त्यामुळे परसातही त्याला फार पाणी लागत नाही. शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. थंडीत पोपटीचं मडकं लावायचं, तर शेंगा घरच्या असाव्यात!

जागा नाही म्हणून अडू नका. जुनी बादली किंवा तेलाचा डबा घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा. मेथी आणि लाल माठ महिनाभरात काढायला येतात. धणे हलके रगडून पेरा, म्हणजे लवकर उगवतात. बाजारातल्या पुदिन्याच्या काड्याही मातीत खोवल्या की मूळ धरतात. रमजानच्या दीड महिना आधी हे केलं, तर इफ्तारीच्या चटणीपुरतं हिरवं घरातच मिळेल.

खत विकत घ्यायची गरज नाही. भाज्यांची सालं आणि सुका पाला थरावर थर टाकून कुजवा. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ लागते, तेव्हा वजूचं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घाला. त्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना ते चालतं. मावा पडला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

यातून महिन्याचा सगळा बाजार सुटणार नाही, हे खरं. पण त्या भाजीवर काय फवारलं, हे आपल्याला माहीत असतं. मुलांनाही कळतं की भेंडी दुकानात उगवत नाही. आणि सवाब वेगळाच. मुसलमानाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या पिकातून माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्लं, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे.

म्हणून वेलाला पाच शिराळी लागली, तर दोन शेजारी द्या, मग तो शेजारी कोणत्याही समाजाचा असो. या हंगामात निदान एक कुंडी तरी लावा.