पडद्यावर पडू दे बर्फ!

दोस्तांनो, आपल्याकडे कुठला बर्फ पडायला! पण कॉम्प्युटरवर तो पाडता येतो, बरं का. एकाच झोपडीची सहा-सात चित्रं काढा; दर चित्रात छपरावरचा बर्फ थोडा वाढवा. ती एका फोल्डरमध्ये ठेवा. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, स्क्रीन सेव्हर असं आत शिरा. ‘फोटोज’ निवडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये आपलं फोल्डर दाखवा, वेग ठरवा. ‘शफल’वर खूण नको, नाहीतर साठलेला बर्फ मध्येच गायब! ‘वेट’पुढे ५ मिनिटं लिहा.

इंटरनेटवरच्या फुकट हिमवर्षावापासून मात्र जपा. नावाच्या शेवटी ‘एससीआर’ असलेली फाइल चित्र नसते, चक्क प्रोग्रॅम असतो. त्यातून व्हायरस घुसू शकतो. आई-बाबांना दाखवल्याशिवाय ती उघडूच नका.