कोळसा कमी म्हणजे आच कमी?

अमेरिकेत घराच्या मागच्या अंगणात अंड्याच्या आकाराची, जाड भिंतींची आणि बिजागरीच्या झाकणाची एक भट्टी हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसते. मराठी घरांची अंगणंही त्याला अपवाद नाहीत. हिचं नाव कामाडो. भात शिजवायची, घुमटाकार झाकणाची मुशिकामाडो नावाची मातीची चूल जपानात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती मायदेशी नेली आणि भाताऐवजी तिच्यात मांस भाजायला सुरुवात केली. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात 'बिग ग्रीन एग' सुरू केलं. सुरुवातीची मातीची भांडी तडकायची, पुढे टिकाऊ सिरॅमिक आलं. भट्टी सुधारली, पण ती चालवणाऱ्यांच्या समजुती मात्र उघड्या शेगडीच्याच राहिल्या. बहुतेक पदार्थ करपतात ते यामुळेच.

यातली सगळ्यांत पक्की समजूत म्हणजे मंद आच हवी असेल तर कोळसा बेताचाच घालावा. उघड्या शेगडीवर हे खरं आहे, कारण तिथे हवेला तोटा नसतो आणि जितका कोळसा तितका विस्तव होतो. कामाडोत उलटं आहे. झाकण लावलं की आत हवा येते ती फक्त खालच्या झडपेतून आणि बाहेर जाते ती वरच्या चकतीतून. एक किलो ऑक्सिजन खर्च झाला की कोळशातून साधारण १२ मेगाज्यूल उष्णता मिळते, मग शेजारी दोन किलो कोळसा पडलेला असो की पाच किलो. जेवढी हवा आत सोडाल तेवढीच आग. म्हणून मंद भाजायचं असलं तरी कोळशाचं भांडं भरूनच घ्यावं. हवा कमी ठेवली तर तेवढ्या भरण्यावर ११० अंश सेल्सिअसच्या आसपासची आच बारा तास सहज टिकते. कोळशात काटकसर केली तर मध्यरात्री विस्तव विझतो आणि सकाळी पाहुणे येतात तेव्हा मांस अर्धं कच्चं असतं.

झडप आणि चकती यांची कामं वेगळी, असंही अनेकांना वाटतं: खालून आच ठरते, वरून नुसता धूर जातो. खरं तर दोन्ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. तापलेली हवा वर निघते तेव्हाच खालून नवी ओढली जाते. दोन्हींत जे तोंड अरुंद, तेच आच ठरवतं. सोयीची पद्धत अशी की खालच्या झडपेने ढोबळ मर्यादा घालायची आणि बारीक फेरफार वरच्या चकतीने करायचे. अमुक अंशासाठी झडप अमुक बोटं उघडी, असे तक्ते मिळतात. त्यांचा उपयोग सुरुवातीपुरता. वारा, कोळशाच्या तुकड्यांचा आकार, साचलेली राख, झाकणाच्या कडेचा झिजलेला नमदा, या सगळ्यांनी आकडे बदलतात.

आता खरी अडचण. 'तापलं जास्त तर झडप लावू, उतरेल की!' असं म्हणून लोक आधी भट्टी चांगली रसरसू देतात. झडप लावली की विस्तव दबतो हे बरोबर, पण तोवर भिंतींनी उष्णता पिऊन घेतलेली असते. मोठ्या कामाडोचं सिरॅमिक पन्नास किलोंच्या वर भरतं. ते पातळ पत्र्याच्या ग्रिलसारखं पाच मिनिटांत निवत नाही, तास-दीड तास तापलेलंच राहतं. आच वर नेणं सोपं, खाली आणणं अवघड. कामाडोचा सगळा स्वभाव यात आला. म्हणून मंद भाजण्यासाठी (अमेरिकेत २२५ ते २७५ फॅरनहाइट म्हणतात, म्हणजे १०७ ते १३५ सेल्सिअस) कोळसा एक-दोन जागीच धरू द्यावा आणि झाकणावरच्या तापमापकाचा काटा हव्या आकड्याच्या पंचवीस-तीस अंश खाली असतानाच झडपा अरुंद करायला घ्याव्यात. प्रत्येक फेरफारानंतर दहा-पंधरा मिनिटं हात मागे ठेवावा. दर दोन मिनिटांनी चकती फिरवणाऱ्याची भट्टी कधी स्थिरावत नाही, आणि असा एक काका प्रत्येक पार्टीत असतो.

याच कारणाने पदार्थांचा क्रमही ठरतो. आधी ३०० अंशांवर पिझ्झा किंवा नान आणि मग त्याच विस्तवावर संथ भाजणं, हे जमत नाही. उलट क्रम जमतो. जाड मांस आधी मंद आचेवर आतून शिजवावं आणि शेवटी झडपा उघडून वरून लालसर करावं. मोठ्या आचेवर आधी भाजलं की रस आत कोंडून राहतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यापासून चालत आली आहे. तोलून पाहिल्यावर ती खोटी ठरते: तसं भाजलेल्या मांसातूनही पाणी जातंच. लालसर थराने चव येते, पण तो पाणी अडवत नाही.

मोठा तुकडा मंद आचेवर भाजताना आणखी एक फसगत होते. मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा पासष्ट-सत्तर अंशांपाशी येऊन तासन्‌तास हलत नाही, आणि माणूस विस्तव कमी पडला असं समजून झडप उघडतो. विस्तवाचा यात काही दोष नसतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने मांस अडतं: पृष्ठभागावरून वाफ होऊन जाणारा ओलावा उष्णता घेऊन जातो. तो संपत आला की काटा आपोआप चढतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळावा, झडपेला हात लावू नये.

आच उतरवायला झाकण उघडणं हा तर उफराटा उपाय. काटा पडतो खरा, पण निखाऱ्यांना भरपूर हवा मिळून ते फुलतात आणि झाकण लावल्यावर आच पहिल्यापेक्षा वर जाते. शिवाय यात धोकाही आहे. भट्टी खूप तापलेली आणि झडपा जवळजवळ बंद असतील तर आत कार्बन मोनॉक्साइड आणि इतर ज्वलनशील वायू साचतात. अशा वेळी झाकण एकदम वर केलं की आत शिरलेल्या हवेने भपकन ज्वाळा बाहेर येते, भुवया आणि हातावरचे केस जातात. आधी झाकण दोन-तीन सेंटिमीटर उचलून काही सेकंद धरावं, मग सावकाश उघडावं.

झाकणावरचा काटा घुमटातली हवा मोजतो, जाळीवरची नव्हे. विशेषतः सुरुवातीच्या तासात दोन्हींत बराच फरक पडतो. काट्याची परीक्षा उकळत्या पाण्यात करावी, मात्र १०० अंशांचा हट्ट समुद्रसपाटीलाच धरावा. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, डेन्व्हरमध्ये ९५ ला. कोंबडी शिजली की नाही हे मात्र झाकणावरून कळत नाही. सर्वांत जाड भागात खुपसलेल्या काट्याने ७४ अंश दाखवले पाहिजेत.

धुराबद्दल थोडक्यात. दाट पांढरा धूर म्हणजे चव नव्हे, ते अर्धवट जळणं आहे आणि त्याने पदार्थ कडवट होतो. धूर विरळ, निळसर होईपर्यंत थांबावं. लाकडाचे तुकडे भिजत घालण्यात अर्थ नाही. पाणी फारसं आत शिरत नाही, वरवरचं असतं ते आधी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ फुकट जातो. पेटवायला द्रवरूप इंधन वापरू नये, सिरॅमिकमध्ये त्याचा वास मुरतो. साच्यात दाबलेल्या कोळशाच्या विटा चालतात, पण त्यांची राख जास्त होते आणि ती खालच्या जाळीची भोकं बुजवते. मग झडप पूर्ण उघडूनही आच चढत नाही आणि दोष कोळशाला मिळतो.

काम झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतू नये, गरम सिरॅमिक तडकतं. झडप आणि चकती दोन्ही बंद केल्या की हवेवाचून विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी राख झटकून वापरता येतो. पण विझायला काही तास लागतात आणि तेवढा वेळ कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पावसाची सर आली म्हणून तापलेला कामाडो गॅरेजमध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत ढकलू नये. त्याला बाहेरच भिजू द्यावं, आणि हाताला पूर्ण गार लागेपर्यंत वरून आच्छादन घालू नये.