वडीलधाऱ्यांचा आरोग्य विमा : कागद पाहिल्याशिवाय सौदा नको

आम्ही कापडवाले ताका उलगडून पाहिल्याशिवाय माल उचलत नाही आणि बिलाशिवाय पैसे सोडत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा प्रश्न आला की हीच खबरदारी आम्ही दुकानात विसरून येतो.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध यंत्रमाग कारागीर. दलालाने घरी येऊन विम्याचा फॉर्म भरला, चाचांनी फक्त सही केली. चाचांना कित्येक वर्षांची शुगर, पण फॉर्मवर लिहिले होते ‘कोणताही आजार नाही’. चाचा इस्पितळात दाखल झाले, तेव्हा कंपनीने दावा नाकारला. दलालाचा फोन बंद. शेवटी मुलाने दोन माग विकून बिल भरले.

विमा घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावे. परंतु ज्यांच्या घरी तो आहे, त्यांनी फसवणुकीचे तीन प्रकार ओळखून ठेवावेत.

पहिला, खोटा फोन. ‘विमा नियामक प्राधिकरणातून बोलतो, तुमच्या पॉलिसीवर बोनस जमला आहे, आधी थोडी रक्कम भरा.’ हे प्राधिकरण कंपन्यांवर देखरेख ठेवते. ते पॉलिसी विकत नाही की बोनस वाटत नाही. हप्त्यावर जीएसटी मागणाऱ्यापासूनही सावध राहावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो लागत नाही.

दुसरा, कार्डाचा. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांसाठी, मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजना खुली झाली. तीत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मात्र आधारची ओळख पटवावी लागते, म्हणून घरचा माणूस सोबत घेऊन अधिकृत केंद्रावर किंवा योजनेतील इस्पितळातच जावे. फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नये. शंका असल्यास 14555 वर विचारावे.

तिसरा, चाचांचा. ‘आजार लिहिला तर पॉलिसी मिळणार नाही,’ असे दलाल सांगतो. 2024 च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या, फॉर्मवर नोंदवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षे थांबावे लागते. लपवलेला आजार मात्र पुढे दाव्याच्या आड येतो. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये आणि भरलेल्या फॉर्मची नक्कल घ्यावी. चेक कंपनीच्याच नावाने द्यावा, दलालाच्या नव्हे. पॉलिसी हाती आल्यावर मुलांनी ती वाचून अब्बा-अम्मींना समजावून सांगावी. पटली नाही तर 30 दिवसांच्या आत परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम सापडणे कठीण. कंपनीविरुद्ध तक्रार असल्यास आधी कंपनीला लेखी द्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकील लागत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद आम्हाला सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मिळाली आहे. दुकानाच्या वहीत आम्ही ती पाळतो. आई-वडिलांच्या कागदांनाही तीच शिस्त लावू या.