काटा कधी चढतो?

शाळांना सुट्टी लागली की आपल्यापैकी बरीच मंडळी सिंगापूरहून गाडी घेऊन मलाक्का, क्वालालंपूरला निघतात. वाटेत तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर घाबरण्याआधी एवढं पाहा : तो चढला केव्हा?

वूडलँड्सच्या कॉजवेवर, रांगेत उभं असताना चढला आणि वेग घेताच उतरला, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. पळत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. उलट हायवेवर चढला, तर बहुधा दोष पाण्याच्या फेऱ्यात : गळती, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा थकलेला वॉटर पंप.

कारण काहीही असो, एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. तशीच दामटलीत तर सिलिंडर हेड वाकडं होऊ शकतं. मुलांना रहदारीपासून दूर उभं करा. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका! दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र उसळून हात-तोंड भाजतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच पाणी बघा.

मेकॅनिकला काटा कधी चढला ते नक्की सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.