गिट एवढं झटपट का चालतं? कमी रेंजमध्ये प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी

आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली आता बीएससी आयटी, बीसीए किंवा कॉम्प्युटर डिप्लोमा करतात. खर्डीहून कसारा लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणकडे जाणाऱ्यांचा दिवसातला मोठा वेळ प्रवासात जातो, आणि रेंज येते-जाते. अशांसाठी 'गिट' हे सॉफ्टवेअर खूप कामाचं आहे. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

गिट म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांची वही. हदीसच्या सनदीत जसं कोणी कोणाकडून ऐकलं ते कळतं, तसं इथे कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते कळतं. अशा एका नोंदीला 'कमिट' म्हणतात.

गिटच्या आधी बऱ्याच ऑफिसांत 'सबव्हर्जन' वापरायचे. त्यात सगळा इतिहास एका सर्व्हरवर असतो. कमिट करायचं किंवा जुनी नोंद बघायची तर दर वेळी नेटवरून सर्व्हरला विचारावं लागतं. उन्हाळ्यात एकेका हंड्यासाठी विहिरीवर खेप मारण्यासारखंच ते. हंडा भरायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो जाण्या-येण्यात. गिटमध्ये 'क्लोन' केलं की सगळा इतिहास आपल्या लॅपटॉपवर येतो, म्हणजे घरची टाकी एकदाच भरून ठेवायची. मग कमिट करणं, फरक बघणं, जुन्या नोंदी चाळणं हे सगळं नेटशिवाय होतं. नेट लागतं ते फक्त दुसऱ्यांचं काम आणताना (पुल) आणि आपलं पाठवताना (पुश).

हा वेग ठरवून आणलेला आहे. २००५ मध्ये लिनक्सच्या टीमला 'बिटकीपर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळणं बंद झालं. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जुलैमध्ये ही जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. टोरवाल्ड्स यांची अट होती की एक बदल जोडायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागू नये. कारण एका बैठकीत असे २५० बदलही जोडावे लागत. ३० सेकंदांच्या हिशेबाने त्याला दोन तासांहून जास्त लागतात, ३ सेकंदांच्या हिशेबाने साडेबारा मिनिटं.

तरी गिटही कधी कधी रेंगाळतं. 'गिट स्टेटस' दिलं की फाइल्स बदलल्या का ते तपासावं लागतं. फाइल्स जितक्या जास्त, तितका उशीर. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३५ लाख फाइल्सचा, ३०० जीबीचा कोड गिटमध्ये आणला, तेव्हा त्यांना त्यासाठी वेगळी यंत्रणा बनवावी लागली. २०१७ मध्ये त्यांनी ती जाहीर केली.

आपल्या रोजच्या कामासाठी एवढं लक्षात ठेवा:

१. बाहेरून आणलेल्या लायब्ररींचं फोल्डर (उदा. नोड मॉड्यूल्स) 'गिटइग्नोर'मध्ये टाका. मग गिट ते तपासत बसत नाही.

२. व्हिडिओ, झिप अशा जड फाइल्स कमिट करू नका. नंतर डिलीट केल्या तरी त्या इतिहासात राहतात आणि पुढे पूर्ण क्लोन करणाऱ्या प्रत्येकाचा डेटा खातात.

३. मोठा प्रोजेक्ट फक्त बघायचा असेल तर क्लोन करताना 'डेप्थ १' द्या. सगळा इतिहास न येता फक्त आत्ताची स्थिती येते.

४. लॅपटॉप नवा घेणार असाल तर एसएसडीवाला घ्या. हजारो छोट्या फाइल्स वाचायला जुनी हार्ड डिस्क फार वेळ घेते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमिट झालं याचा अर्थ काम सुरक्षित झालं असा नाही. पुश करेपर्यंत ते फक्त तुमच्या लॅपटॉपवर असतं. लॅपटॉप गाडीत विसरला किंवा बिघडला, तर महिन्याभराचा प्रोजेक्ट जाऊ शकतो, तोही नेमका सबमिशनच्या तोंडावर. म्हणून प्रवासात खुशाल कमिट करा, पण घरी पोहोचून रेंज मिळाली की, इशानंतर का होईना, रोज एकदा पुश करा. पालकांनीही जेवताना मुलांना एवढंच विचारावं, "आज पुश केलंस का?"