पाणी व दुर्बल बंध (जीवरसायनशास्त्र)

कोशिकांतील महारेणूंना विशिष्ट घडी देणारी व त्यांना एकमेकांशी तात्पुरती जोडणारी आकर्षणे म्हणजे दुर्बल बंध होत. हायड्रोजन बंध, आयनी बंध, व्हॅन डर वाल्स आकर्षण व जलद्वेषी परस्परक्रिया हे त्यांचे प्रमुख प्रकार असून त्यांचे बळ भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो. त्यामुळे रेणू ध्रुवीय बनतो व शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध साधतो. असा बंध तोडण्यास दर मोलला सु. २० किलोजूल ऊर्जा पुरते. रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुजी बंधास मात्र सु. ४६० किलोजूल लागतात. हे दुर्बल बंध क्षणोक्षणी मोडतात व पुन्हा जुळतात. परंतु त्यांची संख्या अफाट असल्याने पाण्याची वाफ होण्यास पुष्कळ उष्णता लागते. मातीच्या माठातील पाणी गार होते ते यामुळेच. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेल्यास सु. २,४०० किलोजूल उष्णता शरीराबाहेर जाते.

तेलासारख्या अध्रुवीय पदार्थाशी पाणी हायड्रोजन बंध साधू शकत नाही. त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंना अधिक शिस्तीने रचून राहावे लागते. अध्रुवीय भाग एकत्र आले की हे रेणू मोकळे होतात. ‘जलद्वेषी बंध’ हे नाव म्हणूनच काहीसे फसवे आहे. यात पाण्याचा द्वेष कोणी करीत नाही, पाण्याची आपसांतील ओढ तेवढी प्रबळ ठरते. प्रथिनांच्या घडीत या परिणामाचा वाटा मोठा असतो.

अशा एकाच अनिष्ट बंधाने काय अनर्थ होतो, हे दात्र कोशिका पांडुरोगात दिसते. सिकल सेल या नावाने परिचित असलेला हा आनुवंशिक रोग महाराष्ट्रातील अनेक आदिवासी जमातींत आढळतो. भिल्ल, पावरा, माडिया व परधान यांच्यात वाहकांचे प्रमाण विशेष आहे. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये यास ‘रेणवीय रोग’ म्हटले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका दोष दाखविला : हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी विद्युत् भारित ग्लुटामिक अम्लाऐवजी अध्रुवीय व्हॅलीन येते. ऑक्सिजन सोडलेल्या हीमोग्लोबिनाच्या पृष्ठावर एक अध्रुवीय खोबण उघडी असते. शेजारच्या रेणूचे व्हॅलीन तीत बसते. रेणूस रेणू जोडला जाऊन लांब तंतू बनतात, तांबडी कोशिका विळ्यासारखी वाकते व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून तीव्र वेदना होतात. फुप्फुसात ऑक्सिजन मिळताच खोबण झाकली जाते व तंतू विरघळतात. मात्र वारंवार वाकलेली कोशिका अखेर पूर्ववत होत नाही.

हा विकृत हीमोग्लोबिनाचा घट्ट विद्राव थंड केला असता पातळ होतो व ऊब मिळताच गोठतो, कारण जलद्वेषी परस्परक्रिया तापमानाबरोबर बळावते. यावरून थंडी रोग्यास हितकर असेल असे समजू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व वेदना उलट वाढतात.

तंतू बनण्यास लागणारा वेळ कोशिकेतील हीमोग्लोबिनाच्या संहतीवर विलक्षण अवलंबून असतो. शरीरातील पाणी थोडे घटले, तरी हा वेळ कित्येक पटींनी कमी होतो. शिवाय या रोग्यांची मूत्रपिंडे मूत्र पुरेसे संहत करू शकत नाहीत. पाण्याची टंचाई असतानाही पाणी बाहेर जात राहते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतून कातकरी व इतर कुटुंबे कोरड्या ऋतूत वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. तेथील उष्णता, कष्ट व घाम ही तिन्ही सिकल सेलच्या रोग्यास घातक होत. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशय मुंबईस पाणी पुरवितात, पण त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘भरपूर पाणी प्यावे’ हा वैद्यकीय सल्ला अशा ठिकाणी पाळणे सोपे नसते.

निदानासाठी रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या विद्रावात मिसळतात. विकृत हीमोग्लोबिन असल्यास विद्राव गढूळ होतो. ही परीक्षा गावातही करता येते. परंतु तीवरून वाहक व रोगी यांत भेद करता येत नाही. त्यासाठी विद्युत् संचारण करतात. ग्लुटामिक अम्लाचा ऋण भार गमावल्यामुळे विकृत हीमोग्लोबिन धन अग्राकडे सावकाश सरकते, व वाहकात दोन्ही पट्टे दिसतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढते. ते तंतूत सामावत नसल्याने जोडणी खंडित होते.