शेपटीच्या चाकाचे विमान उतरविताना

मंडळी, धारूरच्या घाटातून उसाने भरलेली ट्रॉली उतरताना आपण पाहिलीच असेल. जाणता ड्रायव्हर तिथे एकदम ब्रेक दाबीत नाही. ट्रॅक्टर अडला, तरी मागचे ओझे थोडेच थांबते? ते पुढच्याला रेटते, आणि तोंड जरासे तिरके असले की बाजूने पुढे घुसू पाहते. शेपटीला चाक असलेले लहान विमान धावपट्टीवर टेकते, तेव्हा वैमानिकापुढे हीच अडचण उभी असते.

अशी विमाने आपल्या एका मराठी माणसाने घडविली, बरं का. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पुढे बंगलोरच्या विमान कारखान्यात त्यांच्या देखरेखीखाली 'एचटी-2' तयार झाले. ते 1951 साली उडाले. 1958 साली उडालेले 'पुष्पक' तर ठिकठिकाणच्या फ्लाइंग क्लबांत गेले. दोन्हींची मोठी चाके पुढे, लहान चाक शेपटीखाली. विमानाचा बराचसा भार मोठ्या चाकांच्या मागे राहतो. सारी गोम इथेच आहे.

गुरुजनांनी वर्गात एक करून दाखवावे. लाकडी पट्टीला दोरी बांधून ओढा. मुकाट्याने सरळ येते. तीच एका टोकाला बोट लावून रेटा, लगेच फिरते. नाकाखाली चाक असलेले विमान ओढलेल्या पट्टीसारखे आपणच सरळ होते. हे मात्र रेटलेल्या पट्टीसारखे फिरू पाहते. वेळेवर सावरले नाही तर जमिनीवरच गिरकी घेते. पंखाचे टोक घासते, कधी चाकाचा पायच मोडतो.

मग उतरवावे कसे? पहिली गोष्ट, विमान धावपट्टीच्या रेषेत सरळ हवे, आणि वेग नेमलेला हवा. जास्त वेगाने टेकले तर उसळी घेते. जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर इंजिन मंद करून दांडा हळूहळू मागे घ्यायचा. विमान तरंगत राहते, नाक वर येते, आणि पंखांची उचल संपता संपता तिन्ही चाके एकदमच टेकतात. नाक वर असल्याने समोरचे झाकते. म्हणून नजर दोन्ही कडांवरून दूरवर ठेवायची. तिफण धरणारा कुठे बैलांच्या खुरांकडे बघतो? तो बघतो पलीकडच्या बांधाकडे, म्हणून तास सरळ येतो.

उसळी बसलीच, तर दांडा पुढे ढकलू नये. विमान नाकावर आपटते. मोठी उसळी असेल तर सरळ इंजिन वाढवून पुन्हा वर जावे, एक चक्कर मारून यावे. त्यात कमीपणा कसला?

आणि खरे काम टेकल्यानंतरच सुरू होते. नवशिक्याला वाटते, उतरलो, सुटलो! पाय सैल पडतात आणि तिथेच घात होतो. शेपूट किंचित हलताच पायाने सुकाणू थोडे दाबायचे आणि लगेच सोडायचे. वाट बघून मोठा दाब दिला तर विमान उलट बाजूला झेपावते. दांडा पोटाशी धरून ठेवायचा, म्हणजे शेपटीचे चाक जमीन धरून राहते. ब्रेक जपूनच; जोरात दाबला तर शेपूट उचलून विमान नाकावर उभे राहते.

वारा आडवा असेल तर वाऱ्याकडचा पंख थोडा खाली ठेवावा आणि सुकाणूने नाक रेषेत धरावे. वेग कमी होईल तसा दांडा वाऱ्याच्या बाजूला अधिकच कलता ठेवायचा. विमान चालत्या माणसाइतके संथ झाले, तरी पाय सुकाणूवरच.